अन्न अंगीं लागतें म्हणजे काय?

“याच्या अंगीं कांहीं लागतच नाहीं,” अशी तक्रार आपल्या घरांतून नेहमीं ऐकूं येते. एकाच पंक्तीस बसून एकाच भांड्यांतली पेज जेवणाऱ्या दोन भावंडांपैकीं एक अंगानें भरतें आणि दुसरें काटकुळेंच राहतें, हें पाहून आयांस नवल वाटतें. कोणी त्याचा दोष दृष्टीवर घालतें, कोणी खोडकरपणावर. पण या घरगुती वाक्प्रचारांत एक खोल शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. अन्न तोंडांत जाणें निराळें आणि तें अंगीं लागणें निराळें. या दोहोंच्या मध्यें काय घडतें, व तें सर्वांच्या बाबतींत सारखेंच कां घडत नाहीं, याचा शोध गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनीं एका अनपेक्षित वाटेनें चालविला आहे. ती वाट प्रयोगशाळेंतील उंदरांच्या आंतड्यांतून जाते. त्या शोधाची हकीकत, आणि तिच्यांतून आपल्यासारख्या कोंकणांतील कुटुंबांनीं काय घ्यावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस समजेल अशा रीतीनें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम एक शब्द समजून घेऊं. खाल्लेल्या अन्नाचें पचन होऊन त्यांतील सत्त्वें रक्तांत उतरतात. शरीर त्यांपैकीं कांहीं जाळून उष्णता व शक्ति मिळवितें, कांहींपासून हाडें व मांस घडवितें, आणि उरलेलें चरबीच्या रूपानें सांठवून ठेवितें. या साऱ्या घडामोडीस शास्त्रांत चयापचय असें म्हणतात. ती जणूं शरीराची जमाखर्चाची वहीच होय. या वहींत गडबड झाली म्हणजे कोणाच्या बरगड्या दिसूं लागतात, कोणाचें पोट सुटतें, तर कोणाच्या रक्तांतील साखर वाढून मधुमेह जडतो. रक्तांतील साखर शरीराच्या पेशींत पोंचविण्याचा हुकूम इन्शुलिन नांवाचा रस देतो. पेशी हा हुकूम मानीनाशा झाल्या म्हणजे मधुमेह उंबरठ्याशीं आला असें समजावें.

नुसतें वजन पाहून हा जमाखर्च कळत नाहीं, हें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं मोठ्या मार्मिक रीतीनें दाखविलें आहे. २००४ सालीं त्यांनीं व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत स्वतःचींच उदाहरणें छापलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें होतें. पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के भरली. दिसण्यांत किरकोळ असूनहि आंत चरबी बाळगणारीं अशीं शरीरें आपल्या देशांत फार आहेत, आणि तीं मधुमेहास लवकर बळी पडतात. म्हणून हा विषय लठ्ठ माणसांपुरताच आहे असें कोणीं मानूं नये. आतां या जमाखर्चांत जंतूंचा हात कोठें लागतो तें पाहूं.

जंतु म्हटले म्हणजे पटकी, विषमज्वर, क्षय हेच आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु आपल्या पोटांत वसणारे बहुतेक जंतु रोग करणारे नसतात. एका प्रौढ मनुष्याच्या देहांत सुमारें ३८ लक्ष कोटि जंतु असावेत असा २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांचें एकंदर वजन सुमारें २०० ग्रॅम भरेल. त्यांपैकीं बहुतेक सर्व मोठ्या आंतड्यांत राहतात, आणि त्यांचें खाणें म्हणजे आपण खाऊन आपल्याला न पचलेला भाग होय. भातांतील पिठाळ अंश, मासळींतील मांस, खोबऱ्यांतील तेल हीं लहान आंतड्यांतच बव्हंशीं जिरतात. पण नाचणीचा कोंडा, कुळथाची साल, पालेभाजींतील धागे हा चोथा जसाच्या तसा पुढें सरकतो. मोठ्या आंतड्यांतील जंतु त्याला आंबवितात. आंबोळीचें पीठ रात्रभर झांकून ठेविलें असतां त्यांत जें चालतें, तशाच जातीचें हें काम होय. त्यांतून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक अशीं तीन आम्लें मुख्यत्वें निघतात. पहिलें तेंच, ज्यामुळें व्हिनेगर आंबट लागतें. तिसऱ्यावर मोठ्या आंतड्याचें अस्तर स्वतःचें पोट भरतें. अशा रीतीनें मनुष्यास लागणाऱ्या शक्तीपैकीं शेंकडा पांच ते दहा भाग जंतूंच्या हातून मिळतो.

येथवर समजलें, पण पुढें अडचण आहे. शेंकडों जातींचे जंतु एकत्र नांदत असतां अमक्या जातीचें अमुक काम हें ओळखावें कसें? पावसाळ्यांत माळावर उगवलेल्या नाना गवतांपैकीं जमिनीचा कस कोणी वाढविला, हें नुसतें पाहून सांगतां येत नाहीं. आमचा शेतकरी मात्र तरव्याच्या जागेवर भाजावळ करतो. तेव्हां तणाचें बीं जळून जातें आणि तेथें उगवतें तें त्यानें पेरलेलें भातच. जंतुशास्त्रज्ञांनाहि अशीच एक मोकळी जागा हवी होती. ज्याच्या आंतड्यांत एकहि जंतु नाहीं असा जिवंत प्राणी मिळाला, तर त्यांत एकच जात पेरून तिचा गुण पाहतां आला असता.

असा प्राणी जगेल काय, याचीच प्रथम शंका होती. १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं असें मत मांडलें कीं जंतूंवांचून प्राण्याचें जगणें अशक्य असावें. दहा वर्षांनीं बर्लिन येथें नटॉल व थिअरफेल्डर या दोघांनीं गिनीपिगचें पिलूं शस्त्रक्रियेनें आईच्या पोटांतून काढलें, आणि निर्जंतुक पेटींत निर्जंतुक दुधावर कांहीं दिवस जगवून दाखविलें. पुढें अमेरिकेंतील नोत्र दाम विद्यापीठांत जेम्स रेनियर्स यांनीं १९२८ सालापासून पोलादी पेट्या बनवून अशा प्राण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढविण्याची विद्या सिद्ध केली. मागाहून पोलादाची जागा पारदर्शक प्लास्टिकनें घेतली. या पेट्यांत हवा गाळून सोडतात, अन्नपाणी निर्जंतुक करून देतात, आणि भिंतींतच बसविलेल्या लांब रबरी हातमोज्यांतून हात घालून उंदरांची निगा राखतात.

हे निर्जंतुक उंदीर जगतात खरे. परंतु त्यांचें शरीर निराळेंच घडतें. त्यांचें अंधांत्र, म्हणजे लहान व मोठ्या आंतड्यांच्या सांध्यावरची पिशवी, फुगून अतोनात मोठी होते. रक्त गोठविण्यास लागणारें ‘के’ जीवनसत्त्व त्यांना अन्नांतून मुद्दाम पुरवावें लागतें, कारण तें करणारे जंतु त्यांच्यापाशीं नसतात. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, साधारण उंदरांपेक्षां जास्त खाऊनहि ते सडपातळच राहतात. त्यांच्या अंगीं अन्न लागत नाहीं!

२००४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेंत फ्रेडरिक बॅकहेड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा प्रौढ निर्जंतुक उंदरांस साधारण उंदराच्या आंतड्यांतील जंतु दिले. चौदा दिवसांत त्यांच्या शरीरांतील चरबी ६० टक्क्यांनीं वाढली; आणि तींहि पूर्वीपेक्षां कमी अन्न खाऊन. जंतूंनीं चोथ्यांतूनहि सत्त्व काढून दिलें, आंतड्यांतून साखर अधिक शोषली जाऊं लागली, आणि चरबीच्या पेशींस आपलीं कोठारें भरण्याची जणूं परवानगी मिळाली. हा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हांपासून आंतड्यांतील जंतु हा चयापचयाच्या शास्त्रांतील एक मोठा विषय होऊन बसला.

त्याच प्रयोगांत कांहीं उंदरांस जंतूंचा सगळा मेळा न देतां एकच जात दिली होती. तिचें नांव बॅक्टेरॉइडीझ थीटायोटाओमायक्रॉन. नांव लांबलचक आहे, पण या जंतूची कर्तबगारीहि तशीच आहे. वनस्पतींतील चिवट शर्करा तोडण्यासाठीं मनुष्याच्या शरीरापाशीं वीसहून कमी पाचक द्रव्यें आहेत. या एकट्या जंतूपाशीं दोनशेंहून अधिक प्रकारचीं आहेत. त्याच्या योगानें उंदरांची चरबी वाढली, परंतु पूर्ण मेळ्यानें वाढली तितकी वाढली नाहीं. मग २००६ सालीं त्याच प्रयोगशाळेंत त्याच्या जोडीला मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथाय नांवाचा दुसरा सूक्ष्म जीव घातला. हा चोथा खात नाहीं. पहिल्यानें चोथा आंबवितांना जो हायड्रोजन वायु व जें फॉर्मिक आम्ल सुटतें, तेवढें उचलून तो त्याचा मिथेन वायु करतो. चुलींतील राख कोणी वेळच्या वेळीं काढली म्हणजे विस्तव जसा बरा धगधगतो, तसें येथें झालें. पहिल्या जंतूचें काम जोरांत चालूं लागलें, आम्लें अधिक निघालीं आणि उंदीर अधिक लठ्ठ झाले. येथें पहिला धडा मिळाला तो असा: एका जंतूचा गुण त्याच्या सोबतीवरहि अवलंबून असतो.

दुसरा धडा चीनमधील शांघाय येथून मिळाला. झाओ लिपिंग यांच्या पथकाकडे १७४.८ किलोग्रॅम वजनाचा एक स्थूल स्वयंसेवक होता. त्याच्या आंतड्यांतील जंतूंत एंटरोबॅक्टर या कुळाचा वांटा ३५ टक्के होता. सबंध धान्यें व इतर ठराविक आहारावर २३ आठवडे राहिल्यानंतर त्याचें वजन ५१.४ किलोग्रॅम घटलें, आणि एंटरोबॅक्टर जवळजवळ दिसेनासे झाले. नुसत्या या मेळावरून दोष जंतूचा असें ठरत नाहीं, हें ओळखून त्यांनीं त्याच्या पोटांतून निघालेल्या एंटरोबॅक्टर क्लोएसी जंतूचा एक वाण निर्जंतुक उंदरांत पेरला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल लक्षांत ठेवण्याजोगा आहे. जंतु मिळालेले व भरपूर चरबीचें अन्न खाणारे उंदीर लठ्ठ झाले, आणि त्यांच्या पेशी इन्शुलिनचा हुकूम मानीनाशा झाल्या. तोच जंतु मिळालेले पण साधें अन्न खाणारे उंदीर लठ्ठ झाले नाहींत. चरबीचें अन्न खाणारे पण जंतु नसलेले उंदीरहि लठ्ठ झाले नाहींत. जंतु व अन्न या दोहोंची गांठ पडली तेव्हांच विकार उद्भवला.

आतां काटकुळ्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. फ्रान्समधील लिओं शहरीं २०१६ सालीं उंदरांच्या लहान पिलांवर असाच प्रयोग झाला. अन्न सारखेंच असतां निर्जंतुक पिलें साधारण पिलांपेक्षां वजनानें हलकीं व लांबीनें आंखूड राहिलीं. वाढीचा निरोप देणारें द्रव्य त्यांच्या शरीरांत होतें, परंतु यकृत त्या निरोपास नीट दाद देत नव्हतें. त्यांच्या आंतड्यांत लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जंतूचा एक ठराविक वाण घातला, तेव्हां निकस अन्नावरहि त्यांची वाढ सुधारली. त्याच जातीच्या दुसऱ्या एका वाणाचा उपयोग तितका झाला नाहीं. भात ही एकच जात असली तरी तिचे वाण किती निराळे असतात हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. जंतूंचेंहि तसेंच आहे. २०२३ सालीं याच पथकानें आणखी खोल जाऊन दाखविलें कीं त्या जंतूच्या बाहेरच्या कवचाचे तुकडेहि हें काम करूं शकतात. आंतड्याच्या अस्तरांत ते ओळखणारी एक खूणगांठ आहे, आणि ती जागी झाली म्हणजे वाढीचा निरोप नीट पोंचतो. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम ही जात आंबविलेल्या भाज्यांत व पिठांतहि आढळते. पण आंबोळी तव्यावर भाजतांना तींतील जिवंत जंतु मरतात, आणि आपल्या पिठांतला वाण व प्रयोगांतला वाण एकच असेल असें नाहीं. सबब आंबोळी आवडीनें खावी. तिला औषध समजूं नये.

एका तिसऱ्या जंतूचें नांव हल्लीं औषधांच्या दुकानांतहि ऐकूं येतें. ॲकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा जंतु हॉलंडमधील वागेनिंगेन येथें २००४ सालीं वेगळा केला गेला. आंतड्याच्या अस्तरावर जो बुळबुळीत लेप असतो त्यावर तो राहतो. बेल्जममधील लूव्हां विद्यापीठांत पॅट्रिस कानी यांच्या पथकानें २०१३ सालीं दाखविलें कीं चरबीच्या अन्नानें लठ्ठ झालेल्या उंदरांस तो जिवंत दिला असतां त्यांची चरबी घटते व इन्शुलिनचें काम सुधारतें. २०१७ सालीं असें आढळलें कीं ७० अंश उष्णतेवर तापवून मारलेला जंतुहि उपयोगीं पडतो. मग मनुष्यांवर पाहणी झाली. २०१९ सालच्या निकालांत ३२ स्थूल व्यक्तींनीं तीन महिने हा प्रयोग पुरा केला. इन्शुलिनचें काम सुधारल्याचें दिसलें. वजनांत मात्र खात्रीनें सांगण्याजोगा फरक पडला नाहीं. उंदरांत जें ठळकपणें दिसलें तें मनुष्यांत फिकें झालें, हें ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे येऊं. पुण्यास आघारकर संशोधन संस्था आहे. तिचे संस्थापक संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ सालीं आपल्याच मालवणास झाला. वनस्पतिशास्त्रांत नांव मिळवून त्यांनीं १९४६ सालीं पुण्यास विज्ञानवर्धिनी ही संस्था उभारली, आणि १९९२ पासून तिची संशोधन संस्था त्यांच्या नांवानें ओळखली जाते. या संस्थेंतील डॉ. दिलीप रानडे व पुण्याच्याच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांतील डॉ. योगेश शौचे यांच्या मंडळींनीं निरोगी माणसांच्या विष्ठेंतून एक नवा जंतु शोधून काढला, आणि २०१४ सालीं त्याचें मेगास्फेरा इंडिका असें नामकरण केलें. भारताचें नांव धारण करणारा हा जंतु प्राणवायु लागला कीं मरतो. त्यामुळें त्याला वाढविणें हेंच मोठ्या कौशल्याचें काम होतें. २०१६ सालीं शौचे यांच्या पथकानें भारतीयांच्या आंतड्यांतील जंतूंची इतर देशांतील लोकांच्या जंतूंशीं तुलना प्रसिद्ध केली. तींत असें दिसलें कीं आपल्याकडे मेगास्फेरा व प्रिव्होटेला या दोन कुळांचा वांटा विशेष मोठा आहे. धान्य, कडधान्य व पाला अधिक खाणाऱ्या लोकांत प्रिव्होटेला पुष्कळ असतो, हें अन्यत्रहि आढळलेलें आहे.

मग हा आपल्या घरचा प्रिव्होटेला बरा कीं वाईट? यावर दोन प्रयोगशाळांनीं वरवर पाहतां परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं आहेत. स्वीडनमध्यें २०१५ सालीं कांहीं माणसांस जवाच्या सबंध दाण्यांची भाकर खावयास दिली. ज्यांच्या रक्तांतील साखर त्यामुळें सुधारली, त्यांच्या पोटांत प्रिव्होटेला अधिक होता. प्रिव्होटेला कॉप्राय हा जंतु उंदरांस दिला, तेव्हां त्यांचाहि साखरेचा हिशेब सुधारला. डेन्मार्कमध्यें २०१६ सालीं तोच जंतु चरबीच्या अन्नावर ठेविलेल्या उंदरांस दिला. तेव्हां त्यांच्या रक्तांत ठराविक अमिनो आम्लें वाढलीं आणि पेशी इन्शुलिनचें ऐकेनाशा झाल्या. दोन्हीं प्रयोग प्रामाणिक आहेत. अन्न निराळें होतें. शिवाय २०१९ सालीं असें उघडकीस आलें कीं ज्याला आपण प्रिव्होटेला कॉप्राय म्हणत होतों तो एक जंतु नसून चार निरनिराळ्या शाखांचा समूह आहे. नांव एक असलें तरी वाण एक असेलच असें नाहीं.

आमच्या मतें या साऱ्या हकीकतींतील सार येथें आहे. ज्या जंतूंना आपल्या पूर्वजांनीं नाचणी, कुळीथ, चवळी व पालेभाज्या यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलें, ते आजहि आपल्या पोटांत आहेत. अन्न मात्र झपाट्यानें पालटत आहे. मैद्याचीं बिस्किटें, तळलेलीं पाकिटें व गोड पेयें आज खेड्यांतील दुकानांतहि लटकत असतात. जुने जंतु व नवें अन्न यांची गांठ कशी पडेल याचा इशारा शांघाय व डेन्मार्क येथील उंदरांनीं दिलेला आहे.

सेंट लुई येथील आणखी एक प्रयोग याच गोष्टीस पुष्टि देतो. २०१३ सालीं तेथें अशा जुळ्या बहिणींचे जंतु निर्जंतुक उंदरांस दिले, ज्यांत एक लठ्ठ व एक सडपातळ होती. लठ्ठ बहिणीचे जंतु मिळालेले उंदीर अधिक चरबी धरूं लागले. मग दोन्हीं प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यांत ठेविले. उंदरांस एकमेकांच्या लेंड्या खाण्याची खोड असल्यामुळें जंतूंची देवघेव झाली. सडपातळ बहिणीचे जंतु लठ्ठ उंदरांत जाऊन स्थिरावले आणि त्यांची चरबी वाढावयाची थांबली. पण हें घडलें तें चोथा अधिक व चरबी कमी असलेल्या अन्नावर. भाजीफळें कमी व चरबी जास्त असें अन्न दिलें, तेव्हां चांगल्या जंतूंस पाऊल रोवतां आलें नाहीं. चांगलें बियाणें आणलें तरी जमीन तयार नसेल तर उपयोग काय?

अन्नाप्रमाणें औषधांचाहि या वस्तीवर परिणाम होतो. न्यूयॉर्क येथें मार्टिन ब्लेझर यांच्या पथकानें २०१४ सालीं उंदरांच्या पिलांस जन्मापासून पेनिसिलिनच्या बारीक मात्रा दिल्या. औषध कांहीं आठवड्यांनीं बंद केलें, जंतूंची वस्ती पूर्ववत् झाली. तरीहि तीं पिलें मोठेपणीं, विशेषतः चरबीच्या अन्नावर, अधिक लठ्ठ झालीं. प्रतिजैविक औषधें प्राण वांचवितात, आणि डॉक्टरांनीं दिलीं तर तीं सांगितल्याप्रमाणें पुरीं घ्यावींत. परंतु साध्या सर्दीपडशासाठीं दुकानदारास विचारून स्वतःच गोळ्या आणणें, किंवा मागच्या आजारांतील उरलेल्या गोळ्या लहान भावंडास देणें, ही संवय घातक आहे.

येथें कोणी विचारील कीं उंदीर तो उंदीर. त्याच्यावरून मनुष्याचें काय कळणार? शंका योग्य आहे. प्रयोगशाळेंतील उंदीर जन्मभर एकच अन्न खातो, एकाच घराण्यांत वाढतो आणि स्वतःची लेंडीहि खातो. त्याच्या पोटांत एकच जंतु पेरतां येतो; मनुष्याच्या पोटांत शेंकडों आधींच ठाण मांडून बसलेले असतात. म्हणून उंदरावरील प्रयोग हा प्रश्न विचारण्याचें साधन होय. उत्तर अखेर माणसांतच पडताळून घ्यावें लागतें.

तशी पडताळणी आपल्या शेजारच्या बांगलादेशांत झाली. ढाक्याच्या मीरपूर वस्तींतील कुपोषित मुलांसाठीं डॉ. ताहमीद अहमद व गॉर्डन यांच्या मंडळींनीं असा आहार योजिला, जो वाढीस मदत करणाऱ्या जंतूंस पोसील. बाळपणांत योग्य वेळीं यावयाचे जंतु कुपोषित मुलांत मागें पडलेले असतात, हें त्यांनीं आधीं पाहिलें होतें. कोणत्या अन्नानें ते पुढें येतात हें त्यांनीं अशा मुलांचे जंतु दिलेल्या उंदरांवर व डुकरांच्या पिलांवर पारखलें. जो आहार निवडला त्यांत कोणती दुर्मिळ वस्तु नव्हती. हरभऱ्याचें पीठ, शेंगदाणे, सोयाबीन व कच्चीं केळीं हे त्यांतील मुख्य जिन्नस, आणि त्यांच्या जोडीला साखर, तेल, क्षार व जीवनसत्त्वें होतीं. २०२१ सालीं निकाल आला. तीन महिन्यांची पाहणी ११८ मुलांनीं पुरी केली. रूढ पोषक आहारांत शक्तीचा अंश अधिक असूनहि, हा नवा आहार घेणाऱ्या मुलांचें वजन अधिक वेगानें वाढलें. म्हणजे कमी जेवूनहि अधिक अंगीं लागलें!

हरभरे, शेंगदाणे व कच्चीं केळीं आपल्या तळेऱ्याच्या बाजारांत मिळतात, आणि केळ तर कित्येकांच्या परसांतच असते. यावरून घरींच तो आहार तयार करून आजारी मुलास द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. त्याचें प्रमाण ठरलेलें होतें, व तो देखरेखीखालीं दिला गेला होता. ज्या मुलाचें वजन घटत आहे त्याला प्रथम डॉक्टरांकडे न्यावें. मधुमेहाचें औषध चालूं असेल तर तें कोणत्याहि चूर्णाच्या भरंवशावर सोडूं नये. तसेंच डबीवर एखाद्या जंतूचें नांव मोठ्या अक्षरांत छापलें आहे एवढ्यावरून पैसे खर्चूं नयेत. कोणता वाण, कोणत्या विकारासाठीं, आणि माणसांवर पारखला आहे काय, हें डॉक्टरांस विचारावें. निरोगी घरांत मात्र नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, चवळीची उसळ, फणसाची व केळफुलाची भाजी यांना गरिबीचें अन्न म्हणून नाकें मुरडूं नयेत. मुलाच्या डब्यांत बिस्किटांचा पुडा देणें ही प्रतिष्ठा आणि भाकरी देणें ही लाज, ही समजूत तेवढी टाकून द्यावी.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें या शास्त्रांत शिरेल अशी आम्हांस आशा आहे. भारतीयांच्या पोटांतील पुष्कळ जंतु अद्यापि प्रयोगशाळेंत वाढविलेले नाहींत. नाचणी, कुळीथ व उकड्या तांदळाची पेज यांवर वाढलेल्या कोंकणी माणसाच्या आंतड्यांत कोण राहतें आणि तें काय करतें, हा प्रश्न आपल्याच माणसांनीं विचारण्याजोगा आहे. मालवणांत जन्मलेल्या एका मुलानें पुण्यास विज्ञानाचें एक घर बांधलें. त्या घराकडे जाणारी वाट तळेऱ्याच्या मुलामुलींनाहि मोकळी आहे. तोंवर, ताटांतील भाकरी टाकून उठूं नका. ती तुम्हां एकट्याचें अन्न नाहीं.